सिनेमाचा शेवट किती जणांना आठवतो? (स्पॉयलर आहेत, नंतर भांडू नका)

ओसरी | शनिवार, रात्री ११:४८

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. थोडे दिवस वाचन बंद. त्यामुळे पेपर गेला, शब्दकोडं गेलं आणि माणूस सैरभैर झाला. मग मी ठरवलं, रात्री जेवणं आटोपली की एक सिनेमा लावायचा. एक दिवस जुना, त्यांच्या आवडीचा. एक दिवस नवा, माझ्या आवडीचा.

अडचण एवढीच की साडेदहाला त्यांचा डोळा लागतो. डोक्याला कानटोपी, मांडीवर शाल, हातात रिमोट आणि हनुवटी छातीवर. रिमोट काढून घ्यायला गेलं की डोळे न उघडता म्हणतात, "बघतोय मी."

परवा 'सामना' लावला. मी तो धड कधी पाहिला नव्हता. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन तेंडुलकरांचं, लागू आणि निळू फुले समोरासमोर, एवढं माहीत. आणि सिनेमातला तो गाजलेला प्रश्न माहीत, जो सभेत, अग्रलेखात, व्हॉट्सॲपवर कुठेही भेटतो. अर्ध्यापर्यंत बाबा टक्क जागे. "आवाज न चढवता दहशत कशी बसवतो बघ हा माणूस," हे हिंदुराव धोंडे पाटलांबद्दल मला तीनदा सांगून झालं. मग घोरणं. सिनेमा संपला, मी उठून ट्यूबलाईट लावली, तसे ते दचकून जागे झाले आणि म्हणाले,

"मारुती कांबळेचं काय झालं?"

शप्पथ, विनोद म्हणून नाही. खरंच विचारत होते. मी हसून हसून सोफ्यावरून खाली, आणि त्यांना आला राग.

तर त्यावरून डोक्यात आलं की मला स्वतःला किती सिनेमांचा शेवट आठवतो? मोजायला बसले तर दोन हातांची बोटं पुरली. संवाद आठवतात, गाणी आठवतात, कोण कुठल्या साडीत होतं तेही आठवतं. शेवटची पाच मिनिटं मात्र कोरी.

तुमचं काय? जुना, नवा, मराठी, हिंदी, काहीही चालेल. समीक्षा नको. जसं आठवतंय तसं लिहा.

(सामनाचा शेवट मी लिहीत नाहीये. सिनेमाला पन्नास वर्षं झाली तरी आमच्या घरात एकाला तो अजून बघायचाय.)

चहाबाज | शनिवार, रात्री ११:५९

हसून हसून पुरेवाट! बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

बार्शी_लाईट | रविवार, सकाळी ७:१२

फँड्री. दुसरा कुठला आठवायची गरजच नाही.

१४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. मुहूर्त व्हॅलेंटाईनचा, त्यामुळे आमची समजूत अशी की शाळेतल्या प्रेमाची गोष्ट. तालुक्याच्या टॉकीजला आम्ही सात-आठ मित्र. सुरुवातीला राष्ट्रगीत झालं, उभे राहिलो, बसलो. नंतर बऱ्याच वेळाने पडद्यावर तो प्रसंग. डुक्कर आता सापडणार, अगदी हाताशी आलंय, आणि पलीकडे शाळेत जन गण मन सुरू होतं. डुक्कर पकडायला धावणारा जब्या, सिनेमातला शाळकरी नायक, जागच्या जागी ताठ. मग त्याचं सगळं घर ताठ. डुक्कर आरामात निघून जातं.

आमच्या रांगेतला एक जण सवयीने निम्मा उठला. आजूबाजूला बघितलं तर बाकीचे बसलेले. बसावं का उभं राहावं त्याला कळेना, तसाच गुडघ्यात वाकून खुर्चीच्या पाठीला धरून राहिला. मागचे खदखदून हसले. मी पण हसलो.

शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्यावर. पडदा काळा. त्या आधी अख्खं गाव त्या घराची धावपळ बघत हसत असतं, हे तुम्हाला आठवत असेलच. मला तेव्हा आठवलं की मगाशी हसणाऱ्यांत मी होतो.

बाहेर आल्यावर चहा घेतला. कुणी काही बोललं नाही, चहाचे पैसे कोण देतंय यावरूनसुद्धा नाही.

ओसरी | रविवार, सकाळी ८:०५

बाप रे, बार्शी_लाईट. हा प्रसंग घरी एकटीने बघताना असा पोचलाच नव्हता.

पॉपकॉर्न_आजी | रविवार, सकाळी ९:३०

आमच्या वेळी राष्ट्रगीत सुरुवातीला नसे, सिनेमा संपल्यावर असे. बासष्टच्या चीन युद्धानंतर ते सुरू झालं होतं. त्यामुळे शेवट जवळ आला की निम्मं थिएटर दाराकडे सरकलेलं. माझे मामा तर नायक-नायिका एका चौकटीत आली की खुर्चीखाली चपला चाचपायला लागायचे. "आता काय व्हायचंय? लग्नच ना?" पुष्कळ सिनेमांचे शेवट मी मामांच्या पाठीआडून बघितले आहेत. तुम्हा मुलांना आठवत नाहीत कारण तुमचं लक्ष मोबाईलमध्ये. आम्हाला आठवत नाहीत कारण आम्ही जिन्यात होतो!

एक मात्र पक्का आठवतो. प्रभातचा 'संत तुकाराम'. सिनेमा १९३६ चा, मी बघितला फार नंतर, आजीच्या मांडीला मांडी लावून. विमान येतं, तुकोबा निघतात, लोक हात जोडतात. विष्णुपंत पागनीस दिसले की माझी आजी पडद्यालाच नमस्कार करायची. पण मी बघत होते ती जिजाईकडे. पोर आजारी पडलं म्हणून हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात गेलेली बाई ती. वैकुंठाला न जाता ती घरीच राहते. मला तेव्हा नऊ-दहा वर्षांची असताना वाटलं होतं, वेडीच आहे, विमानात बसायला मिळत होतं की! आता वाटतं, म्हशीला कोण बघणार होतं?

अर्धविराम | रविवार, सकाळी १०:१८

थोडी भर घालतो. याच चित्रपटातला 'आधी बीज एकले' हा अभंग तुकारामांचा नाही. चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिला. भाषा इतकी बेमालूम की भल्याभल्यांनी तो गाथेत शोधला.

शिवाय १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात हा चित्रपट गौरवला गेला. त्याचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, त्यांचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? प्रभातच्या त्याच आवारात पुढे पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आली.

आणि धागाकर्त्या ताईंना नम्र सूचना: 'स्पॉयलर' ऐवजी 'रहस्यभेद' चालेल.

चहाबाज | रविवार, सकाळी १०:२१

नाही चालणार.

रिकामा_रथ | रविवार, सकाळी ११:०२

सगळे एवढे गंभीर का झालेत. एक साधा प्रश्न विचारतो. अशी ही बनवाबनवीचा शेवट सांगा.

नाही, गुगल करायचं नाही. आठवून सांगा.

चहाबाज | रविवार, सकाळी ११:०४

सोप्पंय. धनंजय माने इथेच राहतात का...

चहाबाज | रविवार, सकाळी ११:०५

थांबा. ती सुरुवात झाली.

विशीतला | रविवार, सकाळी ११:१५

लिंबू कलरची साडी? नाही, तीही मधेच. हा माझा बायको पार्वती, मधेच. सत्तर रुपये वारले, तेही आधीच. च्यायला.

ओसरी | रविवार, सकाळी ११:२०

मी हा सिनेमा किमान तीस वेळा बघितलाय. तीस! शेवटी बिंग फुटतं आणि सगळ्यांचं जमतं, इतकंच. कुणी कुणाला काय म्हटलं, घरमालकीणबाई कशा विरघळल्या, काही म्हणजे काही आठवत नाही.

रिकामा_रथ | रविवार, सकाळी ११:३१

तेच म्हणतोय. १९८८ पासून अख्खा महाराष्ट्र हा सिनेमा बघतोय आणि शेवट कुणाला माहीत नाही. माझा अंदाज असा की टीव्हीवर रविवारी दुपारी लागायचा, शेवट यायच्या सुमारास आई चहा टाकायची, आणि आपल्याला बाहेर क्रिकेट. किंवा खरं कारण वेगळंच असेल. त्या सिनेमाला शेवट लागतच नाही. लक्ष्या, अशोकमामा, सचिन आणि सुधीर जोशी एका खोलीत आहेत तोवर तो संपावा असं कुणाला वाटतंय?

तळकोकणी | रविवार, दुपारी १:४०

जेवून बसलोय, सविस्तर लिहितो. नवा सिनेमा घेतो. 'दशावतार', सप्टेंबर २०२५.

प्रभावळकरांबद्दल कोणी बोलायचं? वय एक्क्याऐंशी. ज्या माणसाने चौकट राजातला नंदू केला त्यानेच हा बाबुली मेस्त्री केला. रंग लावायला बसतात तेव्हा हाताची थरथर दिसते, ती अभिनयाची की वयाची मला सांगता आलं नाही. तिथेच पैसे वसूल.

पण उत्तरार्धात एकेक अवतार घेऊन सूड सुरू झाला आणि माझा धागा तुटला. खाणीचा प्रश्न आमच्या उशाशी आहे, त्याला असं आटोपलेलं बघवेना. बायकोचं मत उलट. ती म्हणते, "एवढ्या वर्षांत कुणी आमच्यासाठी सोंग तरी घेतला?" ती रडली. मी गप्प बसलो.

आता शेवटाबद्दल. आमच्या खऱ्या दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद उभ्या उभ्या. पेटी, मृदंग, झांज. बाईचं काम पुरुषच करणार. आधी गणपती, सरस्वती, संकासुर, मग आख्यान, रात्रभर. आणि शेवट ठरलेला, पहाटे दहीकाला. लहानपणी आम्ही मधे देवळाच्या आवारात गोणपाटावर झोपायचो. युद्ध आलं की आई हलवून उठवायची, "ऊठ रे, राक्षस इलो." युद्ध बघून परत आडवे. मग दहीकाल्याला उठायचं ते काल्यासाठीच. तेव्हा ओसरीताईंच्या बाबांना नावं ठेवू नका. मधे झोपणं ही जुनी, सन्मान्य प्रेक्षक-पद्धत आहे.

ओसरी | रविवार, दुपारी २:१०

हा शेवटचा परिच्छेद बाबांना वाचून दाखवला. "बघ!" एवढंच म्हणाले, पण दिवसभर खूश आहेत.

कोपरा | रविवार, दुपारी ३:२५

'कोर्ट' (चैतन्य ताम्हाणे). याचा शेवट मी थिएटरात दोनदा बघितला असं म्हणायला हरकत नाही.

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. कोर्टातली माणसं निघून जातात, शिपाई एकेक दिवा घालवतो, खोली काळोखी होते. पडदा काळा तो काळाच. आमच्या शोला वीस-पंचवीस माणसं. बहुतेक जण उठले, पर्सा खांद्यावर, एक काका तर दारापर्यंत पोचले. आणि मग अचानक दिवसाउजेडी सहलीची बस! सगळे परत फिरले, अंधारात एकमेकांच्या पायांवर पाय देत. मला वाटतं दिग्दर्शकाला हेच हवं होतं. तुम्ही समजलात कोर्ट उठलं म्हणजे गोष्ट संपली. न्यायाधीश महाराज अजून बाकी आहेत.

पुढे काय, तर रिसॉर्ट, खाणं, गप्पा. एका मुलाला बोलता येत नाही तर नाव बदला, बोटात खडा घाला असा सल्ला हेच गृहस्थ देतात. मग बाकावर डुलकी. पोरं येऊन ओरडतात, साहेब दचकून उठतात, एकाच्या कानाखाली देतात आणि परत डोळे मिटतात. बास. खटल्यातला आरोपी शाहीर नारायण कांबळे, त्याचं काय, ते आपलं आपण समजायचं.

(हो, आणखी एक कांबळे. इथेही काय झालं ते विचारायचंच राहतं.)

दुसरी_घंटा | रविवार, दुपारी ४:००

कोपरा, मी खालच्या कोर्टात वकिली करते. लोक विचारतात कोर्ट इतका संथ का. मी म्हणते, अहो, त्यांनी वेगवान करून दाखवलाय! बिनबाह्यांचा पोशाख आहे म्हणून त्या बाईंचं प्रकरण पुढे ढकललं जातं, तो प्रसंग बघताना माझ्या शेजारचा हसत होता. मी नाही हसले. मी त्या दिवसापासून पर्समध्ये एक ओढणी ठेवते, अशिलांसाठी.

आणि गीतांजली कुलकर्णीने केलेली सरकारी वकील मला त्यातली सगळ्यात खरी वाटते. दिवसभर माणसाला तुरुंगात ठेवायची मागणी करायची, संध्याकाळी मुलाला घेऊन घरी, कुकर लावायचा. खलनायिका नाही ती. माझ्यासारखीच दमलेली आहे.

पॉपकॉर्न_आजी | रविवार, सायंकाळी ५:४५

दुसरी_घंटा, तुमचं वाचून मला 'उंबरठा' आठवला. लिहू का नको विचार करत होते, लिहिते.

१९८२. लग्नाला पाच वर्षं झालेली. आम्ही दोघं आणि सासूबाई असे तिघं गेलो. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते, घर आणि मुलगी मागे ठेवून. तिथलं सगळं विस्कटतं, ती परत येते, तर नवऱ्याने दुसरी सोय करून घेतलेली. तो ते अगदी सभ्यपणे सांगतो, गिरीश कर्नाड. आणि ती पुन्हा बाहेर पडते. रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "पोरीला टाकून गेली, दुसरं काय होणार होतं." मी मान हलवली. नुसती हलवली नाही, मला ते पटलंच होतं.

गेल्या वर्षी सून म्हणाली, आई, चला बघू. तिने लॅपटॉप लावला. शेवट आला, मी सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "मुलगी वडिलांकडेच होती ना? मग टाकली कुठे?" इतकं साधं वाक्य. बेचाळीस वर्षांत मला सुचलं नव्हतं.

'सुन्या सुन्या मैफलीत माझ्या' लागलं की हल्ली मी गॅस बारीक करते आणि बसते.

वाचनखूण | रविवार, सायंकाळी ६:०२

आजी __/\__

विशीतला | रविवार, सायंकाळी ७:३०

मी सिंहासन सांगतो. लोकांना वाटतं आमची पिढी जुनं बघत नाही. बघतो, कारण लागतं फक्त.

२३ नोव्हेंबर २०१९. मी बारावीत. सकाळी उठलो तर कळलं, आपण झोपलो असताना राजभवनात शपथविधी होऊनसुद्धा गेला. घरात फोनवर फोन. दादा म्हणाला थांब, तुला एक गोष्ट दाखवतो, आणि त्या रात्री त्याने सिंहासन लावला. सिनेमा १९७९ चा, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून. मला वाटलं होतं कंटाळा येईल. पण हे तर बातम्यांसारखंच चाललंय! तोच फोन, तोच गट, 'आमच्याकडे इतके आमदार'. फक्त फोनला वायर.

शेवटी सगळं जिथल्या तिथे बसतं, खाती मिळतात, आणि पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुलेच, वेड्यासारखा हसत सुटतो. दादा आणि मी पण हसायला लागलो. आई आतून ओरडली, "काय झालं रे?" कसं सांगणार काय झालं.

जाता जाता, नाना पाटेकर छोट्या भूमिकेत आहे. मी ओळखलंच नाही आधी.

चहाबाज | रविवार, रात्री ८:१०

हसण्यावरून: 'जाने भी दो यारों' (१९८३). पूर्ण वेळ गडाबडा हसवतात, महाभारताच्या नाटकात तर पोट दुखतं, आणि शेवटी नसीर आणि रवी बासवानी कैद्याच्या कपड्यात मुंबईच्या रस्त्यावर, मागे 'होंगे कामयाब'. आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. मला शाळेत असताना वाटायचं, हा पण विनोद आहे. तेव्हाही हसलो होतो.

वाफाळता | रविवार, रात्री ८:४४

सैराट कुणी कसा नाही घेतला अजून?

दूरदेशी | रविवार, रात्री ९:२०

मीच घेते. इथे मेलबर्नला घरी लावला होता, शेजारणीसोबत. ती दिल्लीची, तिने सैराटचा हिंदी अवतार 'धडक' बघितलेला. म्हणाली, मला शेवट माहितीये, तू रडशील, मी नाही.

धडकमध्ये तो मुलगा आणि बाळ जातं, मुलगी उरते, हे तिच्या डोक्यात. इथे माहेरची माणसं आहेर घेऊन येतात, आर्ची चहा ठेवते. शेजारीण म्हणाली, "चहा कशाला?" नंतर तीच गप्प झाली. मग आर्चीचं पोर बाहेरून येतं, आत जातं, आणि आवाजच जातो. माझ्या शेजारणीने रिमोट उचलला, आवाज वाढवायला. तिला वाटलं टीव्ही बिघडला. मी म्हटलं, नाही गं, असंच आहे. पोर दारातून रडत बाहेर निघतं, फरशीवर ती छोटी छोटी लाल पावलं. तिने रिमोट दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

अजय-अतुलचं एवढं दणदणीत संगीत, परदेशी वाद्यवृंद काय, झिंगाट काय, आणि शेवटाला एक स्वर नाही. दोघींनी नंतर जेवण केलं नाही. तिने फक्त दही-भात मागितला.

बार्शी_लाईट | रविवार, रात्री ९:३३

आमच्याकडे करमाळ्याच्या बाजूला झिंगाटला लोक पडद्यासमोर जाऊन नाचले. तीच माणसं बाहेर पडताना मी बघितली आहेत. स्टँडवर उभी, एसटी आली तरी चढेनात.

निर्विकार | रविवार, रात्री १०:०५

सगळे रडके सिनेमे चाललेत. 'वाळवी' बघा. जानेवारी २०२३, परेश मोकाशी. कट असा काही शिजलाय आणि असा काही नासलाय की बास. आणि शेवटी जेव्हा ती वाळवी

चहाबाज | रविवार, रात्री १०:०६

थांब!!!

दूरदेशी | रविवार, रात्री १०:०६

अरे नको, मी पुढच्या आठवड्यात बघणारे!

निर्विकार | रविवार, रात्री १०:०९

शीर्षकातच लिहिलंय की स्पॉयलर आहेत.

ओसरी | रविवार, रात्री १०:१५

पन्नास वर्षं जुन्यांचे चालतील. वाळवी नको, प्लीज. तिचा सगळा जीवच शेवटात आहे. (आणि उद्या 'नवा' म्हणून मी तोच लावणारे. बाबा, वाचत असाल तर दुपारी झोपून घ्या.)

निर्विकार | रविवार, रात्री १०:१७

बरं. मग एवढंच म्हणतो, तोंड उघडं पडलं होतं. बाईपण भारी देवाबद्दल बोलू का? त्याचा शेवट फोडण्यासारखा नाहीच. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, रडारड, नाच. दोन तासांची मालिका.

पॉपकॉर्न_आजी | रविवार, रात्री १०:३१

आम्ही अठरा जणी गेलो होतो. नऊवारी, नथ आणि गॉगल. संपल्यावर पडद्यासमोर फुगड्या घातल्या, माझा गुडघा चार दिवस सुजला होता. तुमच्या वाळवीला कुणी गॉगल घालून गेलं होतं का?

निर्विकार | रविवार, रात्री १०:३३

शब्द मागे घेतो.

कोपरा | सोमवार, सकाळी ९:५०

एक तक्रार नोंदवू का? शेवट आठवत नाहीत याला थिएटरवालेही जबाबदार आहेत. आमच्या जवळच्या एका मल्टिप्लेक्सात शेवटचं दृश्य चालू असतानाच दिवे लागतात आणि झाडू घेतलेला मुलगा दारात उभा राहतो. त्याचा दोष नाही, त्याला पुढचा शो आहे. पण पडद्यावर माणूस मरतोय आणि आपण पायाखालचे पॉपकॉर्न बघतोय. घरी बघावं तर ॲप श्रेयनामावली चिमटीएवढी करतं आणि लगेच पुढच्या कशाची तरी जाहिरात. पूर्वी 'समाप्त' अशी पाटी यायची. ती पाटी म्हणजे एक श्वास घ्यायची मुभा होती.

वाफाळता | सोमवार, सकाळी १०:४०

+१. 'सबर बोंडं' मी तसाच गमावणार होतो. आमच्याकडे एकच शो, सकाळचा, आम्ही सहा जण. सनडान्सला मोठं बक्षीस मिळालेला सिनेमा, आणि तिकीट खिडकीवरचा मला विचारतो, "हाच पाहिजे ना नक्की?"

वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा, आणि गावातला त्याचा जुना मित्र. नातलग सारखं लग्नाचं विचारतात, आई सगळं जाणून आहे. रोहन कानवडेने कुठेही आवाज चढवलेला नाही, पार्श्वसंगीताने ढोसलेलं नाही. शेवट सांगत नाही. मी दिवे लागल्यावरही बसून होतो, इतकंच.

शहरातल्यांसाठी: सबर म्हणजे फड्या निवडुंग. बोंडं लालभडक, आत गोड, पण वर बारीक कुसळं, दिसतही नाहीत. आम्ही ती मातीत घोळसून, पायताणाने रगडून मग फोडायचो. तरी एखादं कुसळ जिभेत जायचंच आणि संध्याकाळपर्यंत टोचायचं. तोंड लाल झाल्यामुळे घरी कळायचं ते वेगळंच.

अर्धविराम | सोमवार, सकाळी ११:०५

सुंदर प्रतिसाद. ('घोळसून' हा शब्द फार दिवसांनी वाचला.)

ओसरी | मंगळवार, दुपारी १२:३५

अपडेट.

वाळवी झाला. बाबा शेवटपर्यंत जागे!!! संपल्यावर म्हणाले, "हा परत लाव, सुरुवातीपासून." पावणेबारा वाजले होते.

त्या आधी शुक्रवारी एक गंमत झालेली, सांगायची राहिली. मी नवा 'श्यामची आई' लावला, सुजय डहाकेंचा, २०२३ चा. तो कृष्णधवल आहे, त्यामुळे बाबांना वाटलं मी अत्र्यांचा जुनाच लावला, वनमाला आई असलेला. अर्धा तास विचारत होते, "वनमाला कधी येणार?" नवी आई, गौरी देशपांडे, पडद्यावर होती हो तोवर! सांगितलं तर म्हणाले, "तरीच प्रिंट इतकी स्वच्छ."

आणि आता मुख्य बातमी. आज सकाळी अकरा वाजता, चहा आणि खारी घेऊन, आम्ही सामनाचा उरलेला भाग लावला. मी म्हटलं, तुम्ही तर हा तेव्हाच कोल्हापुरात बघितलेला ना, मग शेवट माहीत असेलच. तर म्हणाले, नाही. तेव्हा कॉलेजला होते, संध्याकाळच्या खेळाला गेले, आणि गावाकडची मुक्कामी एसटी नऊला सुटायची. शेवटची वीस मिनिटं राहिलेली असताना उठून स्टँडकडे पळत सुटले. पुन्हा कधी योग आला नाही.

म्हणजे आमच्या घरात कुठलीही गोष्ट अर्धवट राहिली की हा माणूस जो प्रश्न फेकायचा, लग्नात, सोसायटीच्या मीटिंगला, माझ्या दहावीच्या निकालाला, तो खरोखरचा प्रश्न होता.

शेवट बघितला. खारीचा तुकडा चहात पडून विरघळला, तो काढलाही नाही. मग म्हणाले, "तेव्हा थांबलो नाही ते बरं केलं. एसटी चुकली असती."

चहाबाज | मंगळवार, दुपारी १२:४१

_/\_ _/\_ _/\_

तळकोकणी | मंगळवार, दुपारी १:१५

बाबांका दहीकालो पावलो!

रिकामा_रथ | रविवार, दुपारी ३:५०

धागा वर काढतोय. लोकहो, बनवाबनवी आत्ता टीव्हीवर लागलाय. घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय, उठायचं नाही. आज शेवट बघून इथे लिहितो.

ओसरी | रविवार, सायंकाळी ६:४०

काय झालं?

रिकामा_रथ | रविवार, सायंकाळी ७:०५

पाहुणे आले.